ल चा ळ

सावळीराम पगारे यांच्या टेबलावर दोन पेनं असत, एक निळं आणि एक लाल. निळ्याने नोंद करायची, लालने दुरुस्ती. इंदिरानगरच्या पुढे पाथर्डी फाट्याकडे जाताना एक माध्यमिक शाळा लागते. तिथे ते तेहतीस वर्षं लिपिक होते, त्यातली शेवटची नऊ वर्षं मुख्य लिपिक. एवढ्या काळात त्यांच्या टेबलावर खोडरबर कोणी पाहिलं नव्हतं.

"रबर मुलांच्या कंपासपेटीत शोभतं," नवा माणूस कामावर आला की ते पहिल्याच दिवशी सांगत. "कचेरीत खोडायचं नाही. चूक झाली तर ती दिसली पाहिजे. एक आडवी लाल रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. वर बरोबर शब्द, बाजूला सही आणि तारीख. झालं."

मूळचे ते येवल्याच्या बाजूच्या एका खेड्यातले. पाचवीत नाशिकला मामाकडे शिकायला आले. हजेरीच्या वेळी "सर, मी आलो हाय" असं म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. मास्तरांनी त्यांना फळ्यापाशी उभं करून "आहे" हा शब्द पन्नास वेळा म्हणायला लावला. त्यानंतर सावळीरामांच्या तोंडून "हाय" पुन्हा कधी निघालं नाही. बी.कॉम. झाले, नोकरीला लागले, आणि बोलणं असं घोटून घेतलं की फोनवर बोलणाऱ्याला ते पुण्याचे वाटत. त्यांच्या पत्नी, आशाताई, चिडवायच्या, "यांना झोपेत चिमटा काढला तरी हे शुद्धच ओरडतील."

या माणसाच्या हातून गेल्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली, जिची नोंद त्यांनी कुठेच केली नाही.

शाळेत जनरल रजिस्टर नावाची एक मोठी वही असते. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, मातृभाषा त्यात लिहिलेली असते आणि माणूस म्हातारा झाला तरी त्याचा दाखला त्याच वहीवरून निघतो. सुरुवातीच्या वर्षांची पानं हात लावला की तुटायला लागली होती. म्हणून ही सगळी नावं संगणकात भरून घ्यायचं ठरलं आणि त्या कामासाठी मानधनावर मनीषा देवरे यांना घेतलं.

मनीषाताई देवळ्याच्या. नवरा पिकअप चालवायचा, देवळ्याहून भाजीपाला भरून नाशिकच्या बाजारात आणायचा. मुलीच्या शाळेसाठी त्यांनी इकडे खोली घेतली होती. बोलणं कमी, हात भरभर चालणारा. रजिस्टरातल्या नावावर पट्टी ठेवायच्या, नाव पुटपुटायच्या आणि टाइप करायच्या. मुलीचा, सृष्टीचा फोन आला की मात्र अहिराणीत बोलायच्या, तेही हसत. तेवढा वेळ कचेरीत कोणी दुसरंच येऊन बसलंय असं वाटायचं.

अडचण संगणकाची होती. कचेरीतलं मशीन बारा-तेरा वर्षांचं. दहा नावं टाइप केली की ते थांबून राही. मनीषाताई मांडीवर हात ठेवून वाट बघत बसायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "सर, याला मध्येच झोप लागते."

"वयानुसार लागायचीच," सावळीराम म्हणाले.

पण त्यांना ते लागलं. बाई मनापासून काम करतेय आणि आपलं मशीन तिला अडवतंय, हे त्यांना बरं वाटेना. प्रयोगशाळेमागच्या खोलीत आठ जुने संगणक निर्लेखित होऊन पडले होते, म्हणजे कागदोपत्री ते शाळेच्या वस्तूंतून वगळले गेले होते आणि भंगारवाल्याची वाट बघत होते. त्या यादीवर खुद्द सावळीरामांची सही होती. एका शनिवारी, शाळा सुटून सगळे गेल्यावर, त्यांनी त्यातला एक उघडला आणि रॅमची एक पट्टी काढली. दुरुस्तीवाल्याला हे काम करताना त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. कचेरीतल्या मशीनमध्ये दोन जीबीची एकच पट्टी होती. ही चार जीबीची. शेजारच्या खाचेत नीट बसली.

बटण दाबल्यावर मशीन सुरू झालं नाही. त्याने लांब शिटीसारखा आवाज दिला, थांबलं, पुन्हा दिला. सावळीराम घाबरले. मग दुरुस्तीवाला काय करतो ते आठवून ते सातवीच्या वर्गात गेले, बाकाखाली पडलेलं कुणाचं तरी खोडरबर उचलून आणलं, पट्टीच्या सोनेरी कडा घासल्या आणि ती पुन्हा बसवली. या खेपेला मशीन सुरू झालं. पडद्यावर सहा जीबी दिसले. त्यांनी रबर होतं तिथे नेऊन ठेवलं.

वगळलेल्या वस्तूचा भाग पुन्हा वापरायचा तर परवानगी लागते, नोंद लागते. चार बोटांच्या पट्टीसाठी कोण अर्ज करतो, असं ते स्वतःशी म्हणाले आणि दिवा मालवून घरी गेले.

सोमवारी मनीषाताई म्हणाल्या, "सर, आज मशीन पळतंय."

"असं का?" म्हणून ते रजिस्टरात डोकं घालून हसले. तो दिवस त्यांचा फार चांगला गेला.

तीन आठवड्यांनी मनीषाताई त्यांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "सर, काल मी 'लीला' टाइप केलं होतं. आज उघडलं तर 'ळीला' दिसतंय. आपोआप बदलतं का हो कधी?"

"मनीषाताई, संगणक स्वतःच्या मनाने अक्षर बदलत नाही. माणसाचं लक्ष इकडेतिकडे होतं."

"मी परत वाचून बघितलं होतं सर."

"मग आता तिसऱ्यांदा वाचायचं."

त्या "बरं" म्हणून गेल्या. त्या क्षणी सावळीरामांच्या कानात ती शिटी वाजून गेली होती. हे त्यांनी पुढे स्वतःशी कबूल केलं, पण तेव्हा नाही. तेव्हा त्यांनी लाल पेन घेतलं आणि चुकांची यादी करायला बसले.

यादी वाढत गेली. आणि जूनमध्ये मालनबाई आल्या. मखमलाबादकडच्या, फुलांची शेती करणाऱ्या. आधार कार्डातली जन्मतारीख दुरुस्त करायला त्यांना दाखला हवा होता. संगणकातून निघालेला पहिलाच दाखला तो. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"साहेब, माळ मी इकते. नाव मालन हे."

कचेरीतले सगळे वळून बघू लागले. कागदावर 'माळन' होतं.

"आन बापाचं नाव काय लिवलं, गंडेराव? खंडेराव व्हता माझा बाप. मेल्यावर त्याला गंडवता व्हय?"

सगळे खदखदून हसले. मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या होत्या, त्याही हसल्या. सावळीरामांना ते हसणं आपल्या रजिस्टरावर आल्यासारखं वाटलं आणि ते त्यांना सहन झालं नाही. त्यांनी मनीषाताईंकडे हात केला.

"आमच्या बाई देवळ्याच्या. तिकडे ळ नसतोच, डाळीला डाय म्हणतात. इकडे आल्यावर ळ सापडला, मग दिसेल तिथे लावतात."

पुन्हा हशा झाला. मनीषाताईही हसल्या. सगळ्यांबरोबर, थोड्या उशिरा. सावळीरामांनी ते पाहिलं होतं.

जुलैत मुख्याध्यापिका बाईंनी मनीषाताईंच्या कामाबद्दल लेखी टिप्पणी मागितली. सावळीरामांनी ती घरी नेऊन लिहिली. 'सदर कर्मचाऱ्याच्या कामात बोलीभाषेच्या सवयीमुळे अक्षरदोष राहतात, सबब काम समाधानकारक नाही.' बोलीभाषेच्या सवयीमुळे, हे शब्द त्यांना सुचले तेव्हा बरे वाटले. कुणाचा अपमान नाही आणि कारणही स्पष्ट. त्यांनी ते आशाताईंना वाचून दाखवले.

आशाताई पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमची आई 'हाय' म्हणायची."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. आठवलं आपलं."

मनीषाताईंचं काम महिन्याअखेर संपवण्यात आलं. त्यांनी अनुभवाचा दाखला मागितला. टिप्पणी फायलीला असल्यामुळे त्यात 'समाधानकारक' हा शब्द घालता येत नव्हता, म्हणून सावळीरामांनी नुसत्या तारखा लिहून दिल्या. मनीषाताईंनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि "येते सर" म्हणाल्या.

त्या गेल्यावर त्यांच्या टेबलाचा खण रिकामा करताना त्यात एक शाळकरी वही सापडली. पानामागून पान दोन-दोन शब्दांच्या ओळी लिहिलेल्या. काल, काळ. माल, माळ. नल, नळ. कलकल, कळकळ. दुपारच्या सुट्टीत डबा संपवून मनीषाताई मान खाली घालून काहीतरी लिहीत बसायच्या, ते हे. सावळीरामांनी वही स्वतःच्या खणात टाकली. का टाकली, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

नावं भरायचं काम मग तसंच राहिलं. दाखले पुन्हा वहीवरून हाताने लिहायला लागले.

या वर्षी फेब्रुवारीत सावळीराम स्वतःच्या निवृत्तीचे कागद टाइप करायला बसले. मेअखेर ते सुटणार होते. स्वतःचे कागद त्यांना दुसऱ्याच्या हाती द्यायचे नव्हते. पाच पानांत त्यांचं नाव आठ ठिकाणी होतं. दुपारी छापून काढलं आणि सवयीने लाल पेन हातात घेऊन वाचायला लागले. सात ठिकाणी सावळीराम. आठव्या ठिकाणी सावळीराय.

त्यांनी ते दुरुस्त केलं, दोनदा वाचलं, आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर सावळीराम नीट होता, पण एके ठिकाणी पगारेचं फगारे झालं होतं.

ते खुर्चीत मागे टेकले. म च्या जागी य कोणत्याच बोलीत येत नाही. येवल्याच्या नाही, देवळ्याच्या नाही. कानात शिटी वाजली, आणि या वेळी त्यांनी ती वाजू दिली.

त्यांनी कपाटातून चुकांची ती जुनी यादी काढली. सत्तेचाळीस चुका, तारीखवार. त्यातल्या फक्त ळ च्या चुकांखाली लाल रेघा होत्या. त्यांनी स्वतःच मारलेल्या, अकरा. बाकीच्या छत्तीस त्यांनी लिहिल्या होत्या, पण वाचल्या नव्हत्या. ख चा ग झालेला. त चा थ. प चा फ. ब चा भ. श चा ष. म चा य. उलटं मात्र कुठेच नाही. ळ चा ल एकदाही झाला नव्हता. जिच्या तोंडात ळ बसत नाही, तिच्या हातून ळ एकदाही चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किशोरला बोलावलं. किशोर संगणक दुरुस्तीवाला, शाळेचाच माजी विद्यार्थी. त्याने झाकण उघडलं आणि विचारलं, "काका, ही दुसरी पट्टी कोणी लावली?"

"आधी तपास," सावळीराम म्हणाले.

त्याने एक चाचणी लावली. काळ्या पडद्यावर आकडे धावायला लागले आणि वीस मिनिटांनी लाल ओळी उमटू लागल्या, एकाखाली एक. किशोरने मोठी पट्टी काढून फक्त लहान ठेवली, तासभर एकही लाल ओळ आली नाही. मग लहान काढून फक्त मोठी ठेवली. तेव्हाही नाही. दोन्ही एकत्र लावल्या की पुन्हा लाल.

"एकेकट्या दोन्ही चांगल्या आहेत," किशोर म्हणाला. "वेगवेगळ्या मापाच्या पट्ट्या बऱ्याच मशीनमध्ये चालतात काका, तसं काही नाही. पण यांचा वेगही वेगळा. जुन्या बोर्डाला दोघींची चाल जुळवावी लागते. काहींना जमतं, काही सरळ बंद पडतात. हा बंद पडला नाही, हेच वाईट. निभावून नेत राहिला."

"आणि अक्षरं?"

"मशीनला अक्षर म्हणजे नंबर. नंबर म्हणजे दिव्यांची ओळ समजा, काही लागलेले, काही विझलेले. शेवटचा दिवा विझलेला असायला हवा आणि तो लागलेला राहिला, की पुढचा नंबर होतो. म चा पुढचा य."

"ल चा?"

"मशीनच्या यादीत ल च्या पुढे ळ आहे." मग तो हसला. "लावताना शिटी मारली असेल ना याने? ते सांगत होतं, मला झेपत नाही म्हणून."

"मारली होती," सावळीराम म्हणाले. "मी रबराने घासून गप्प केलं."

किशोरचं हसू थांबलं. त्याने मोठी पट्टी कागदात गुंडाळून टेबलावर ठेवली आणि झाकणाचे स्क्रू लावले.

पुढचे आठ दिवस सावळीरामांनी सत्तेचाळीस चुका मूळ रजिस्टराशी ताडून पाहिल्या. मग एक कागद लिहिला आणि तो घेऊन मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. बाईंनी वाचला, चष्मा काढला.

"पगारे, मेमध्ये सुटताय तुम्ही. निवृत्तीचं प्रकरण वर गेलेलं आहे. निर्लेखित वस्तू विनापरवानगी वापरली, हे स्वतःच्या सहीने लिहून देताय. कशाला? मशीन नीट झालं. त्या देवरेबाईंना फोन करून सॉरी म्हणा."

"मॅडम, फोन फायलीला लावता येत नाही."

"त्यांना वाटलं तर परत कामावर येऊ देत. माझी हरकत नाही."

"ते त्या ठरवतील. आधी फायलीतलं माझं वाक्य कापायला हवं."

बाईंनी चष्मा परत लावला आणि सही केली.

काम गेल्यावर मनीषाताई खोली सोडून देवळ्याला परत गेल्या होत्या. रविवारी ठक्कर बाजारच्या स्थानकातून त्यांनी देवळ्यावरून जाणारी सटाण्याची बस धरली. पिशवीत कागदाच्या दोन प्रती, लाल पेन आणि ती वही. चांदवड मागे पडल्यावर रस्त्याला कांद्याचे ट्रॅक्टर लागले. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते तीनदा जुळवलं. देवळ्यात उतरून पिकअपवाले देवरे कुठे राहतात ते विचारत गेले.

घर साधं, पत्र्याच्या पडवीचं. मनीषाताई पडवीतच मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना पाहून त्या उठल्या, पदर सावरला.

"सर, तुम्ही इकडे?"

आतून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "कोन उनं वं?"

"नाशिकचे सर आलेत आई," मनीषाताई म्हणाल्या. मग दाराकडे वळून, एकेक शब्द सुटा करत, "सृष्टी, सरांना पाणी आण."

नऊ-दहा वर्षांची मुलगी पाणी घेऊन आली. मागोमाग आजीचाही आवाज, "चहा ठेव म्हना तुनी मायले."

"आजी, 'तुझ्या आईला सांग' असं म्हणायचं असतं," मुलगी म्हणाली. उद्धटपणे नाही, पाठ केलेलं म्हणावं तसं. आतून पुढे काही आवाज आला नाही.

मनीषाताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "आम्ही आता घरात शुद्धच बोलतो सर. ही आणि मी. हिचं पुढे अडायला नको. सासूबाईंना नाही जमत. मग त्या दोघी फारशा बोलतच नाहीत."

सावळीराम जुळवलेलं सगळं विसरले. त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता, तो त्यांनी न पिताच खाली ठेवला.

"आणि काम?"

"बियाण्याच्या दुकानात जाते. पुडे लावायचे, द्यायचे. तिथे कंप्युटर आहे, पण मी हात लावत नाही. त्यांना सांगितलं, मला येत नाही."

त्यांनी कागद पुढे केला. मनीषाताई वाचू लागल्या. 'जुलैमधील माझ्या टिप्पणीत श्रीमती मनीषा देवरे यांच्या कामातील अक्षरदोष बोलीभाषेच्या सवयीमुळे असल्याचे नमूद केले होते. ते चुकीचे आहे. सदर दोष कार्यालयातील जुन्या संगणकात वेगवेगळ्या क्षमतेच्या दोन मेमरी पट्ट्या एकत्र बसवल्यामुळे झाले. दुसरी पट्टी मी विनापरवानगी व विनानोंद बसवली होती. श्रीमती देवरे यांचे काम अचूक व समाधानकारक होते.' त्यांनी वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"अचूक नका लिहू सर. दोन-तीन माझ्याही असतील."

"चार आहेत. मी ताडून पाहिलंय. नऊ हजार नावांत चार. माझ्या हातून जास्त होतात."

त्या थोड्या हसल्यासारख्या झाल्या, पण कागदावरून नजर हलली नाही. "ही पट्टी तुम्ही लावली तो सोमवार. मी म्हटलं होतं, मशीन पळतंय."

"हो."

"आणि मी हेही म्हटलं होतं की अक्षरं बदलतायत. लीलाचं ळीला झालं तेव्हा. तुमच्या टेबलापाशी येऊन."

"म्हणाला होतात."

"ते यात नाही."

सावळीरामांनी कागदाकडे पाहिलं. तो त्यांनी चार वेळा फाडून पुन्हा लिहिला होता. पट्टी लिहिली, परवानगी लिहिली, स्वतःचं नाव लिहिलं. ही एवढी एक ओळ त्यांनी टाळली होती. इथे, हिच्या पडवीत बसल्यावर ते त्यांना कळलं.

"मला रात्रंदिवस वाटायचं सर, माझेच डोळे फसवतायत," मनीषाताई म्हणाल्या. "बरोबर टाइप केलं, हे डोळ्यांनी बघितलेलं, तेच खोटं वाटायला लागलं. तेही लिहा ना मग."

त्यांनी लाल पेन काढलं. दोन्ही प्रती मांडीवर ठेवल्या, आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'ही बाब श्रीमती देवरे यांनी त्याच वेळी माझ्या निदर्शनास आणली होती. मला संगणकाबाबत शंका आली असूनही मी त्यांनाच दोष दिला.' सही, तारीख. दुसऱ्या प्रतीवर तेच. मनीषाताईंनी एक प्रत घेतली, दुसरीवर पोच म्हणून सही केली.

"मॅडम म्हणाल्या, तुम्हाला वाटलं तर परत या."

"बघते," त्या म्हणाल्या. त्या 'बघते'त हो किती आणि नाही किती, हे त्यांना ओळखता आलं नाही. विचारायचा हक्कही नव्हता.

सासूबाई, तानुबाई, दारात येऊन उभ्या होत्या. कागदाकडे हनुवटी करून त्यांनी सुनेला खुणेनेच विचारलं, काय म्हणून. मनीषाताई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "चूक मनी नही व्हती. त्या मशीननी व्हती."

सृष्टीने चमकून आईकडे पाहिलं. घरात हे बोलणं आईच्या तोंडून तिने किती दिवसांनी ऐकलं असेल कोण जाणे.

सावळीरामांना तेवढं समजत होतं. मनी म्हणजे माझी. त्या म्हातारीसमोर बाईने त्यांना झाकलं होतं, मशीनवर ढकलून. हे त्यांना कागदापेक्षा जड गेलं. ते उठून उभे राहिले आणि तानुबाईंकडे बघून चाचपडत म्हणाले, "मशीनची नाही. चूक मन्ही व्हती."

"मन्ही नही, मनी," सृष्टी पटकन म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून आईकडे पाहू लागली.

मनीषाताई रागावल्या नाहीत. त्यांनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

"सांग सांग, त्यास्ले येत नही," तानुबाई नातीला म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

सृष्टीने पुन्हा सांगितलं, "मनी."

"मनी," सावळीराम म्हणाले. "चूक मनी व्हती."

"आता बरोबर," ती म्हणाली.

चहा झाला. मनीषाताई रस्त्यापर्यंत सोडायला आल्या नाहीत, पण पडवीतून "येत जा" म्हणाल्या. तशा सगळ्यांनाच म्हणत असतील.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. तिकीट ठेवायला पिशवी उघडली तर आत वही तशीच. ती द्यायची राहून गेली होती. त्यांनी ती मांडीवर घेऊन उघडली. काल, काळ. माल, माळ. चाळीस पानं, दोन्ही बाजूंनी. ते सवयीने एकेक शब्द तपासत गेले. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकही चूक नव्हती. दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची असते.

लाल पेनाचं टोपण त्यांनी कधी काढलं ते त्यांना कळलं नव्हतं. ते त्यांनी परत लावलं. बस चांदवडला थांबली, माणसं चढली, शेजारी एक म्हातारा येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊ, ही गाडी नाशिकलाच जाती ना?"

"हाय," सावळीराम म्हणाले. "नाशिकचीच हाय."

मग ते खिडकीबाहेर बघत राहिले.